भोकं पाडलेली डिस्क दिसते भारी, पण घाट उतरताना कामाला येते का? ब्रेक रोटर निवडण्याआधी हे वाचा

रविवारी पहाटे कोलशेत रोडवर उभं राहिलं की एक वेगळीच मिरवणूक बघायला मिळते. जिथे एकेकाळी क्लॅरियंट, बायर अशा कंपन्यांच्या पाळ्या सुटायच्या, तिथे आता टॉवरच्या पोडियम पार्किंगमधून एकेक गाडी बाहेर पडते. पोलो जीटी, व्हर्टस जीटी, आय-२० एन लाइन, एखादी जुनी ऑक्टाव्हिया. कुणी कल्याण-मुरबाडमार्गे माळशेजला निघालेलं असतं, कुणी कसारा घाटात, तर कुणी एक्सप्रेस वे धरून लोणावळ्याला चहा प्यायला.

यातल्या बऱ्याच गाड्या कंपनीतून आल्या तशा राहिलेल्या नसतात. इंजिनाचा रिमॅप झालेला असतो, एक्झॉस्ट बदललेला असतो आणि इंजिनाची ताकद वाढली की मालकाच्या डोक्यात पुढचा विषय येतो तो ब्रेकचा. मग मोबाईलवर शोधाशोध सुरू होते आणि समोर येते भोकं पाडलेली, खाचा मारलेली, सोनेरी मधोमध असलेली चकचकीत डिस्क. फोटो बघूनच निम्मा निर्णय झालेला असतो.

इथेच गडबड होते. कारण ब्रेकची डिस्क दिसण्यावरून निवडायची गोष्ट नाही आणि महाग डिस्क लावली म्हणजे गाडी लवकर थांबते, हा समज तर अर्ध्याहून जास्त चुकीचा आहे.

मुळात रोटर म्हणजे काय?

रोटर म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेतली डिस्क किंवा डिस्क प्लेट. चाकासोबत फिरणारी लोखंडी थाळी. तुम्ही पॅडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरपर्यंत जातो, कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅड आवळतो आणि थाळीचा वेग कमी होतो. ही कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्लिश इंजिनिअरने १९०२ मध्येच डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. पण जगाचं लक्ष गेलं ते १९५३ मध्ये. त्या वर्षी ल मान्सची २४ तासांची शर्यत जॅग्वारच्या सी-टाइपने जिंकली आणि तिला डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. ती काही मैदानातली सगळ्यात ताकदवान गाडी नव्हती. पण बाकीचे ड्रमवाले जिथे लवकर ब्रेक मारायला लागायचे, तिथे जॅग्वारचे ड्रायव्हर आणखी पुढे जाऊन ब्रेक मारू शकत होते आणि तेही रात्रभर, तसेच्या तसे.

त्या शर्यतीतला महत्त्वाचा शब्द 'रात्रभर' हाच. एकदा जोरात थांबायला ड्रम ब्रेकही पुरतो. पुन्हा पुन्हा थांबायचं असलं की डिस्कचा खरा उपयोग कळतो.

गाडी थांबवतो टायर

पॅडल पूर्ण ताकदीने दाबल्यावर पायाखाली थरथर जाणवली, म्हणजे एबीएस कामाला लागलं, तर त्याचा अर्थ साधा आहे. तुमच्या ब्रेकमध्ये चाक जाम करण्याइतकी ताकद आधीच आहे. आता कमी पडतेय ती टायरची रस्त्यावरची पकड. अशा वेळी लाखभर रुपयांची डिस्क लावली तरी त्या एका ब्रेकमध्ये गाडी जवळपास तिथेच थांबणार.

आकड्यात बघू. कोरड्या डांबरी रस्त्यावर उत्तम टायर असेल तर ताशी १०० किलोमीटरवरून गाडी साधारण ४० मीटरमध्ये थांबते. तोच टायर घासलेला, कडक झालेला असेल किंवा रस्ता ओला असेल आणि पकड सत्तर टक्क्यांवर आली, तर हेच अंतर ५६ मीटरच्या आसपास जातं. म्हणजे चार गाड्या एकामागे एक उभ्या राहतील इतका फरक. यात डिस्कचा काहीही संबंध नाही.

म्हणून ज्याच्याकडे पैसे मोजके आहेत आणि टायर चार-पाच वर्षांचे आहेत, त्याने डिस्कचा विचार आधी बाजूला ठेवावा. ऐकायला हे रटाळ वाटतं, पण खरं आहे.

मग डिस्क कशासाठी? तर तापण्यासाठी

ब्रेक मारला की गाडीचा वेग कुठेतरी जायला हवा. तो जातो उष्णतेत आणि ती उष्णता सगळ्यात आधी गिळते डिस्क.

दोन माणसं बसलेली, साधारण १४०० किलोची गाडी घ्या. ताशी १०० किलोमीटरवरून ती पूर्ण थांबवायची, तर सुमारे ५४० किलोज्यूल ऊर्जा बाहेर काढावी लागते. एवढ्या उष्णतेत पावणेदोन लीटर पाणी उकळीला येतं. हे घडतं तीन सेकंदांत. वेग १४० केला तर ऊर्जा जवळपास दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. रिमॅप केलेल्या गाडीचा ब्रेकशी खरा संबंध हा आहे. इंजिनाची ताकद ब्रेकवर थेट काही करत नाही, पण ती तुम्हाला दोन वळणांच्या मध्ये जास्त वेगाला नेते.

यातली साधारण ७० टक्के उष्णता पुढच्या दोन डिस्कवर येते, कारण ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं. पुढची एकेक डिस्क ६ किलोची धरली, तर एका ब्रेकमागे तिचं तापमान ६० ते ७० अंशांनी वाढतं. थंड व्हायला वेळ न देता सहा-सात वेळा असं केलं की डिस्क ४०० अंशांच्या पुढे. साध्या रस्त्यावरचे पॅड याच पट्ट्यात दमायला लागतात. पॅडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. याला म्हणतात फेड.

आता तीच डिस्क ८ किलोची असती, तर एका ब्रेकमागे वाढ ५० अंशांच्या आसपास राहिली असती. म्हणून रोटर निवडताना पहिला प्रश्न 'भोकं आहेत का' हा विचारू नका. 'लोखंड किती आहे आणि मधून हवा किती खेळते' हे विचारा.

घाटाचं गणित वेगळं

सपाट रस्त्यावर ब्रेक मारला की नंतर डिस्कला गार व्हायला वेळ मिळतो. घाटात तसं नाही. खंडाळ्यावरून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. आपल्या १४०० किलोच्या गाडीसाठी ही ऊर्जा ताशी १०० वरून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबण्याएवढी आहे. त्यातली काही हवा खाते, काही इंजिन खाऊ शकतं. पण गिअर मोकळा सोडून, किंवा ऑटोमॅटिक गाडी नुसती 'डी'मध्ये ठेवून पाय ब्रेकवरच टेकवला, तर बाकीची सगळी डिस्कवर.

कोलशेतपासून काही किलोमीटरवर घोडबंदर रोडचा गायमुख घाट आहे. तिथे ट्रक-कंटेनरचे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांच्या बातम्या ठाणेकरांनी अनेकदा वाचल्या आहेत. ट्रकचे ब्रेक वेगळ्या प्रकारचे असतात, वजनही कैक पटींनी जास्त. तरी उतारावर तापलेला ब्रेक साथ सोडतो, हे तत्त्व कारलाही तेवढंच लागू आहे.

आणि घाटात फक्त पॅड दमत नाहीत, ब्रेक ऑइलही उकळतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवीन डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, असा नियमच आहे. पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ही हमी १५५ वर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते आणि पॅडल थेट जमिनीला टेकतं. चार महिने धो-धो पाऊस आणि बाकीचे महिने खाडीची दमट हवा असलेल्या ठाण्यात तीन-चार वर्षं जुनं ऑइल घेऊन माळशेज उतरणं, हा खरा धोका आहे. महागडी डिस्क लावून ऑइल जुनंच ठेवणारे लोक कमी नाहीत, कारण ऑइल फोटोत दिसत नाही.

भोकं आणि खाचा आल्या कुठून?

जुन्या काळचे पॅड तापले की त्यांतून वायू सुटायचा आणि पॅड-डिस्कच्या मध्ये त्याचा पातळ थर बसायचा. त्याला वाट करून द्यायला भोकं उपयोगी होती. शर्यतीच्या गाड्यांमध्ये दुसरं कारण वजन. पोर्शने आपल्या ९१७ या शर्यतीच्या गाडीत अशा जाळीदार डिस्क वापरल्या आणि पुढे रस्त्यावरच्या ९११ मध्येही आणल्या. तेव्हापासून भोकं म्हणजे वेगवान गाडी, हे समीकरण डोक्यात बसलं.

आजचे पॅड तेवढा वायू सोडत नाहीत. आणि भोकाचा तोटा तुमच्या लक्षात आलाच असेल. भोक म्हणजे नसलेलं लोखंड. उष्णता गिळायला तेवढं वजन कमी. शिवाय डिस्क तापते-निवते तेव्हा ताण भोकाच्या कडेला साचतो आणि तिथून बारीक तडे सुरू होतात. पोर्शसारख्या कंपन्या भोकांची जागा, कडा आणि डिस्कचा आकार यांवर भरपूर काम करतात, डिस्कही मोठी देतात. साध्या डिस्कला कुणीतरी ड्रिल मारून खोक्यात भरली असेल, तर ती वेगळी वस्तू.

एक गोष्ट मात्र भोकांच्या बाजूने जाते, ती म्हणजे पाऊस. ओल्या डिस्कवर पाण्याचा थर असतो आणि पहिल्या क्षणाला ब्रेक किंचित उशिरा पकडतो. भोकं आणि खाचा हा थर लवकर फोडतात. ज्याची गाडी जुलै-ऑगस्टमध्येही रोज बाहेर असते, त्याला हा फायदा खरा आहे. पण तो खाचांमधूनही मिळतो आणि खाच आरपार नसल्याने डिस्क कमजोर होत नाही. बदल्यात खाचा पॅड थोडे लवकर खातात आणि जोरात ब्रेक मारताना घरघर आवाज येतो. ट्रॅकवर जाणारे लोक खाचांची डिस्क घेतात ते यासाठीच. रोज ऑफिस आणि महिन्यातून एकदा घाट, असा वापर असेल तर चांगल्या प्रतीची साधी, मधून हवा खेळणारी डिस्क पुरून उरते. हाय कार्बन म्हणून मिळणाऱ्या बिडाच्या डिस्क थोड्या महाग असतात, पण वारंवार तापण्या-निवण्याला जास्त चांगल्या टिकतात आणि थरथरही कमी करतात. पैसे घालायचे तर तिथे घालावेत.

कार्बन सिरॅमिक डिस्कचा विषय दोन ओळींत. पोर्शने २००० च्या सुमारास त्या रस्त्यावरच्या गाडीत आणल्या, त्या लोखंडी डिस्कच्या निम्म्या वजनाच्या असतात, गंजत नाहीत आणि एका सेटच्या किमतीत चांगली जुनी हॅचबॅक येते. पुढे जाऊ.

मोठी डिस्क लावली तर?

मोठ्या डिस्कचे दोन फायदे. लोखंड जास्त आणि पॅड चाकाच्या मध्यापासून लांब बसल्याने तेवढ्याच दाबात जोर जास्त. २८८ मिलिमीटरची डिस्क काढून ३१२ ची लावली, तर जोर साधारण ८ ते १० टक्क्यांनी वाढतो. पण मग कॅलिपर बाहेर सरकवायला ब्रॅकेट लागतं, १५ इंची चाकात ती डिस्क बहुतेक वेळा मावत नाही, म्हणून मोठं चाक, म्हणून नवीन टायर. खर्चाची शेपटी वाढत जाते.

त्याहून मोठा प्रश्न तोलाचा. कंपनीने पुढच्या आणि मागच्या ब्रेकमध्ये कामाची वाटणी करून एबीएस त्यावर बसवलेलं असतं. २०२२ मध्ये आलेल्या व्हर्टस जीटीचंच बघा. १५० पीएसचं इंजिन आणि मागे ड्रम, यावर सोशल मीडियावर भरपूर थट्टा झाली. पण त्या गाडीला पुढे अवाढव्य किट लावलं, तर पुढची चाकं आधी जाम होऊ लागतात आणि मागचे ड्रम आधीपेक्षा कमी काम करतात. पुढे खर्च केला आणि थांबण्याचं अंतर होतं तेवढंच राहिलं, किंवा वाढलं, असंही होऊ शकतं.

कायद्याची बाजूही आहे. त्याच मापाची, त्याच गाडीसाठी बनलेली डिस्क बदलणं म्हणजे दुरुस्ती. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर चाकात डोकावतो, तेव्हा हा विषय अचानक गंभीर होतो.

कोलशेत ते कापूरबावडी

आता रोजच्या प्रवासाकडे येऊ, कारण गाडीचं नव्वद टक्के आयुष्य तिथेच जातं. सकाळी कापूरबावडीपर्यंत पोचताना वेग ताशी ३० च्या वर जाताना मुश्किलीने दिसतो. ३० वरून थांबायला लागणारी ऊर्जा १०० वरून थांबण्याच्या अकराव्या हिश्शाएवढी. म्हणजे इथे डिस्क तापतच नाही.

हे चांगलं वाटतं, पण ज्यांनी हौसेने ट्रॅकचे पॅड टाकले आहेत त्यांच्यासाठी ही वाईट बातमी आहे. असे पॅड गरम झाल्याशिवाय नीट पकडत नाहीत. ढोकाळी नाक्यावर समोर रिक्षा आडवी आली, तर शोरूममधून आलेले साधे पॅड त्या क्षणी जास्त चांगले. डिस्क आणि पॅड ही जोडी आहे. पॅड निवडताना थंड असताना ते कसे पकडतात, हे आधी बघायचं आणि किती तापमानापर्यंत टिकतात, हे नंतर.

दुसरा शत्रू गंज. कोलशेतच्या मागे उल्हास खाडी आहे. दोन दिवस गाडी उभी राहिली की डिस्कवर तांबूस थर दिसतो. तो पहिल्या चार ब्रेकमध्ये निघून जातो, घाबरायचं कारण नाही. पण मधल्या टोपीवर आणि हवेच्या फटींमध्ये बसलेला गंज निघत नाही. म्हणून डिस्क घेताना टोपी आणि कडांवर गंजरोधक लेप असलेली घ्यावी. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना तर हा लेप जास्त गरजेचा, कारण त्यांची गाडी मोटरनेच वेग कमी करते आणि डिस्क घासलीच जात नाही.

विकत घेताना आणि बसवताना

गाडीच्या चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा, मॉडेलच्या नावावर जाऊ नका. एकाच मॉडेलमध्ये इंजिन आणि वर्षाप्रमाणे दोन-तीन मापांच्या डिस्क येतात. दोन्ही बाजूंच्या डिस्क एकदमच बदलायच्या, सोबत नवीन पॅड. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीचं जवळपास सगळं जुनं मिळतं, पण जुनी डिस्क ही घ्यायची वस्तू नाही. डिस्कच्या कडेवर किंवा टोपीवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. नवीन २२ मिलिमीटरची असेल तर ही सीमा साधारण १९-२० वर असते. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर मारून सरळ करण्यात अर्थ नाही.

आतल्या पात्या वळणदार असतील तर डावी-उजवी डिस्क वेगळी असते. चाक पुढे फिरताना पात्या मागे कललेल्या हव्यात, तरच मधून हवा बाहेर फेकली जाते. बाहेरच्या खाचांची दिशा बघून हे ठरवू नका. उलट बसवलेल्या डिस्क दिसायला छान दिसतात आणि घाटात लवकर तापतात.

'डिस्क वाकली' ही तक्रार जवळपास प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येते. ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. तिच्यावर पॅडचा थर एके ठिकाणी जाड आणि एके ठिकाणी पातळ बसलेला असतो, किंवा हबवरचा गंज न घासता नवीन डिस्क त्यावर चढवलेली असते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा डगमग पुरेसा असतो. म्हणून मेकॅनिक हब वायर ब्रशने घासतोय ना, आणि चाकाचे नट मशीनने करकचून न आवळता टॉर्क रेंचने कंपनीच्या मापाला आवळतोय ना, हे उभं राहून बघावं. त्याच वेळी ऑइल बदलून एअर काढून घ्यावी.

नवीन डिस्क-पॅड बसल्यावर ते एकमेकांना रुळवावे लागतात. मोकळा, सुरक्षित रस्ता आणि मागे कुणी नसताना ताशी ६० वरून १० पर्यंत, मध्यम जोराने, आठ-दहा वेळा वेग कमी करायचा. पूर्ण थांबायचं नाही, कारण तापलेला पॅड एका जागी दाबून धरला की त्याचा ठसा डिस्कवर उमटतो आणि थरथर तिथूनच सुरू होते. मग पाच-दहा मिनिटं ब्रेक फारसा न वापरता गाडी चालवायची, डिस्क गार होऊ द्यायची. घाट उतरून आल्यावरही हेच. पायथ्याशी पोचल्या पोचल्या हॅन्डब्रेक ओढून वडापाव खायला उभं राहायचं नाही आणि तापलेल्या चाकांवर धुलाई केंद्राचा पाण्याचा फवारा तर अजिबात मारू द्यायचा नाही. लाल रंगाचा कॅलिपर त्यानंतर निवांत धुता येतो.